कुमीची काशी आणि चिखलदऱ्याचा प्रसाद

चिखलदऱ्याला जाऊन आलेली माणसं तिथल्या कड्यांबद्दल, तळ्यांबद्दल आणि गाविलगडाबद्दल भरभरून सांगतात. मीही सांगेन, पण ओघाने आलं तर. आम्ही तिथे होतो ते सगळे दिवस माझं निम्मं लक्ष ताटाकडे होतं, त्यामुळे हे वर्णन बरंचसं ताटातलं आहे. ज्यांना नुसते डोंगर हवे असतील त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं.

अकोला, जठारपेठ

आमची कुमी आठ वर्षांची आहे. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. ती लहान असताना एका पंगतीत कुणीतरी तिला दाण्याच्या कुटातली वांग्याची भाजी भरवली. बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली, आणि डॉक्टरांनी सुई टोचेपर्यंत माझं लेकरू माझ्या मांडीवर निळं पडत होतं. डॉक्टरांनी ‘अ‍ॅलर्जी’ असा एक शब्द सांगितला. मी तो पाठ केला, पण जठारपेठेत तो काही उपयोगाला आला नाही. आमच्या वऱ्हाडात शेंगदाण्याला फल्ली म्हणतात आणि फल्लीशिवाय इथलं पान हलत नाही. भाजीत कूट, चटणीत कूट, फोडणीला फल्लीचं तेल. उपास असला की मग विचारूच नका. तेव्हापासून कुमी घरीच जेवली. कुणाचं बारसं नाही, कुणाची मुंज नाही, शेजारच्या हळदीकुंकवाचा खाऊसुद्धा नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास यांना सलग रजा मिळाली. कचेरीवरची मुंबई सरकारची पाटी जाऊन महाराष्ट्र सरकारची लागली होती आणि नव्या राज्यात साहेब जरा खुशीत होते. हे म्हणाले, “चिखलदऱ्याले जाऊ. पोरगी लगनाची होईन, तवरी तू तिले उंबरठ्याबाहेर जेवू देशीन का नाई?”

“जेवू देईन,” मी म्हटलं, “पन थे वापस आली पाह्यजे.”

दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून भांडण लांबलं. शेवटी यांनी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वर हेही सांगितलं, की गोळीने भागलं नाही तर सुई लागेल, आणि वर डोंगरावर सुई टोचणारा माणूस कायम सापडेलच असं नाही. मी गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधली. वातीचा स्टो घेतला, लोखंडी कढई घेतली, जवसाच्या तेलाची बाटली घेतली, पोळ्यांचा डबा घेतला.

“आपन फिराले चाललो का बिऱ्हाड बदलून राहिलो?” यांनी विचारलं. मी कढई तेवढी यांच्या हातात दिली.

अमरावती

माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, अमरावतीला राहतात. अंगाने बारीक आणि तोंडाने खंबीर. त्यांच्याकडे एक मुक्काम केला. नवरात्र असल्यामुळे अंबादेवीच्या देवळाकडे जत्रा भरली होती. संध्याकाळ झाली, बत्त्या पेटल्या, आणि धुळीचा नि उदबत्त्यांचा मिळून एक पिवळसर धूर सगळ्या रस्त्यावर तरंगायला लागला. कुमी पाळण्यात बसली. पाळणा वर गेला की ती दिसेनाशी व्हायची आणि खाली आला की तिचे मोठे झालेले डोळे आधी दिसायचे. मी खाली उभी राहून नुसती वर बघत होते. इतक्या माणसांत, इतक्या उजेडात आपली मुलगी हसते आहे, हे मला कुठेतरी झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं.

मग वन्सं म्हणाल्या, गिलावडा खाल्ल्याशिवाय अमरावती पाहिली म्हणता येत नाही. दह्यात बुडवलेला उडदाचा वडा तो. आम्ही एका हॉटेलात शिरलो. मी मालकांना सांगितलं, “पोरीले फल्ली चालत नाई. तेलसुद्दा नाई.”

“काऊन जी? फल्लीनं तं लेकराईले ताकद येते.”

“तिले अ‍ॅलर्जी हाये.”

“हे काय असते?”

“लई त्रास होते तिले.”

“कच्ची खाल्ली असंन,” मालक प्रेमाने म्हणाले. “तेलानं काई होत नाई. एक वडा खाऊ द्या, मी सांगतो ना.” आणि त्यांनी बशी कुमीपुढे सरकवलीसुद्धा. कुमीने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि माझ्याकडे पाहिलं. तिला दह्याचा वास आवडला होता, ते मला दिसत होतं.

तेवढ्यात वन्सं पुढे झाल्या. “अवो भाऊ, आजीसंगं काशीले गेली होती पोरगी. गंगेत उभं राहून फल्ली सोडली तिनं. दाना, कूट, तेल, समदं.”

मालक एक पाऊल मागेच सरले. “मंग असं सांगा ना, बाई!” बशी उचलली गेली. नवी कढई निघाली, ती राखेने घासली गेली, तिच्यात तूप पडलं, झारासुद्धा वेगळा आला. वडे तळून होईपर्यंत मालकांनी त्या कढईजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. वर कुमीला हात जोडले आणि म्हणाले, “एवढ्याशा वयात नेम! धन्य हाये.”

काशीला गेलेलं माणूस आपली आवडती एखादी भाजी किंवा फळ जन्माचं सोडून येतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आमच्या सासूबाई खरोखरच काशीला जाऊन आल्या आहेत. त्यांनी कारलं सोडलं. कारलं त्यांना कधीच आवडत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण सोडलं म्हटल्यावर त्यांच्या पानात कारल्याची फोड वाढायची कुणाची छाती होत नाही.

वन्सं खोटं बोलल्या हे मला मान्य आहे. पण खऱ्या शब्दाने बशी जागची हलली नाही आणि खोट्या शब्दाने कढई घासली गेली. मी कोणत्या शब्दाची बाजू घ्यायची होती, हे ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनीच मला सांगावं. कुमीने दोन वडे खाल्ले. बाहेर बसून खाल्लेले तिच्या आठवणीतले पहिलेच.

घाटात

परतवाडा मागे पडला आणि मोटार डोंगर चढू लागली. खाली काळीची सपाटी, कपाशीची शेतं, आणि वर सागाचं रान. वळणावळणाला हवा बदलत होती. एका वळणावर उन्हाचा चटका होता, पुढच्या वळणावर ढग सरळ मोटारीत येऊन बसला आणि समोरच्या बाकावरच्या बाईचं डोकं दिसेना. कुमी माझ्या कुशीत होती.

“आई, मी काशीले कवा गेली होती?”

“गेली नाई. पन कोनी विचारलं तं गेली होती.”

तिने खिडकीबाहेर ढगात हात घालून पाहिला. मग म्हणाली, “नदी केवढी होती?”

मी काही बोलण्याआधी तिचे बाबाच म्हणाले, “आपली मोर्णा पुरात असते ना, तेवढी. पन रोजच.” हे स्वतः मूर्तिजापूरच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत.

“अन् पायऱ्या?”

“पायऱ्या लई. मोजताच येत नाईत.”

“मले माकड भेटलं होतं का?”

“भेटलं असंन,” मी म्हटलं. तिने डोळे मिटले. मोटार ढगातून हळूहळू चालली होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, आणि मला पेंग येत होती. त्या पेंगेतच मला ऐकू येत होतं की कुमी स्वतःशी पुटपुटते आहे. माकडाने तिची लाल रिबीन पळवली होती, नावेतल्या एका म्हाताऱ्याने ती परत आणून दिली होती. घाट संपला तेव्हा तिची काशी बांधून तयार होती.

चिखलदरा

अकोल्याच्या माणसाला आश्विनात शाल पांघरावी लागली की त्याला आपण आजारी पडलो असं वाटतं. पहिले दोन दिवस हे सारखे आपलं कपाळ चाचपत होते. सकाळी दार उघडलं की ढग उंबरठ्याशी उभा. आत ये म्हटलं नाही तरी आत येणार. अंथरुणं ओलसर, काडेपेटी ओलसर, आणि खिडकीबाहेर काही नाही, नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यातून आधी एका म्हशीची घंटा यायची, नंतर म्हैस यायची. ऊन पडलं की एकदम सगळा डोंगर हिरवागार समोर, आणि दऱ्या इतक्या खोल की बोलणं आपोआप हळू होतं. इथे कॉफीची झाडंही आहेत. मी ती लांबूनच पाहिली आणि कुमीलाही लांबूनच दाखवली. एक फल्ली मला पुरे होती.

आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. जवळच सखूबाईंची खानावळ होती. सखूबाई मूळ दर्यापूरकडच्या. नवरा जंगलखात्यात होता, तो गेल्यावर त्या खाली उतरल्याच नाहीत. वर येणाऱ्या प्रवाशांना जेवू घालतात. मोठं कुंकू लावायची सवय मोडलेलं मोकळं कपाळ, भरदार आवाज आणि वाढताना मुळीच ऐकून न घेण्याची रीत. खोलीच्या कोपऱ्यात घट बसला होता. काळ्या मातीत पेरलेले गहू हिरवे होऊन वर आले होते.

मी पहिल्याच दिवशी काशीचं सांगून टाकलं. आता मी त्यात पटाईत झाले होते. सखूबाईंनी कुमीला जवळ ओढलं. “माय वं! इवलीशी पोरगी काशीले जाऊन आली, अन् मी म्हातारी अजून इथंच!”

त्यानंतर त्यांनी जो नेम पाळला तसा माझ्याच्यानेसुद्धा पाळवला नसता. नवरात्रातल्या उपासाची भगर आणि वर दाण्याची आमटी, ही खानावळीतली सगळ्यांची थाळी. कुमीची भगर वेगळ्या पातेल्यात, गवळ्याच्या तुपात, दह्याबरोबर. तिच्या पानाशेजारून आमटीचं भांडं नेतानासुद्धा सखूबाई पदर आडवा धरायच्या. गवळीवाड्यातून ताजा खवा यायचा, पिवळसर, धुराचा वास असलेला. तो कुमीने इतका खाल्ला की तिचे गाल दोन दिवसांत बदलले. माझा स्टो पिशवीतून बाहेर निघालाच नाही. हे मला त्यावरून चिडवत राहिले आणि मी त्यांना चिडवू दिलं.

दुपारी जेवणं आटोपली की सखूबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, “सांग वं, काशी सांग.” कुमी सांगायची. सकाळी नदीवरही असाच ढग असतो. नावा दिसत नाहीत, त्यांच्या घंटा ऐकू येतात, मग नाव येते. पायऱ्यांवर म्हाताऱ्या बाया बसतात, त्यांना कुणी ऊठ म्हणत नाही. मी ऐकत असे आणि मला कळत असे की ही म्हशीची घंटा नावेला बांधते आहे. पण सखूबाईंचे डोळे मिटलेले असायचे. एकदा त्या तशाच म्हणाल्या, “पानी थंडं असंन.” कुमी म्हणाली, “लई थंडं, आजी. पन नंतर बरं वाटते.”

अष्टमी

अष्टमीच्या संध्याकाळी हे म्हणाले, “पंचबोलवर जाऊ. तू अन् मीच.” तिथे हाक मारली की दरीतून ती पुन्हा पुन्हा परत येते. कुमीला सखूबाईंच्या आरतीला थांबायचं होतं. मी तिला ठेवून निघाले. इतक्या वर्षांत तिला जेवणाच्या घरात एकटी सोडण्याची ही पहिली वेळ. दरीच्या काठावर यांनी माझ्या नावाने हाक मारली. दरीने ती हाक परत परत दिली, प्रत्येक वेळी जरा जास्त हळवी करून. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

परतताना ढग उतरला. पायाखालची वाट तेवढी दिसत होती. खानावळ दिसण्याआधी आरतीच्या झांजा ऐकू आल्या, मग त्याही थांबल्या. आम्ही दारात पोचलो तेव्हा आत माणसं दाटून उभी होती आणि सखूबाई प्रसाद वाटत होत्या. खव्याच्या वड्या. कुमी घटापाशी उभी होती. तिची उजवी मूठ मिटलेली होती.

“खा ना वं माय,” सखूबाई म्हणत होत्या.

“आजी, यात फल्ली हाये का?”

“मानसं लई झाली ना, म्हनून कूट घातला थोडा. पन परसादाले नेम लागत नाई, बेटा. काशीची गंगा अन् आपली देवी काई एकमेकींच्या आडव्या येत नाईत. परसाद नाई म्हनू नये.”

प्रसादापुढे नेम टिकत नाही, ही साधी गोष्ट मला कशी सुचली नव्हती! आमच्या घरात प्रत्येक उपासाला हेच तर म्हणतात. मी आत घुसायला गेले. पुढे माणसांची भिंत होती. वडी देवीची, देणारी म्हातारी लाडकी, आणि मोठ्यांचं ऐकावं हे मीच मुलीला शिकवलेलं.

कुमीने मान वर केली. “आजी, मी काशीले गेलीच नाई.”

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

“मी फल्ली सोडली नाई. मले तिच्यानं श्वास येत नाई. आई म्हनते, मी मरून जाईन.” आणि तिने मूठ उघडली. वडी ओलसर होऊन तळहाताला चिकटली होती आणि भोवती लाल लाल गांधी उठल्या होत्या, मनगटापर्यंत.

मी माणसं ढकलत पुढे गेले. माझ्याआधी सखूबाई तिथे होत्या. त्यांनी वडी आपल्या पदरात काढून घेतली आणि कुमीला मोरीवर नेऊन घागरीने पाणी ओतायला लागल्या. “तोंडात नाई ना घातलं? एवढंसं बी नाई?” मी विचारत होते. “नाई,” कुमी म्हणत होती. मी गाठ सोडून गोळी दिली. मग हे, मी आणि सखूबाई जमिनीवर बसून तिचा श्वास ऐकत राहिलो. मी मनात अंबादेवीला, मारोतीला, डॉक्टरांना, ज्याला त्याला हाका मारत होते. श्वास सरळ होता. हळूहळू गांधी फिक्या झाल्या.

सखूबाई त्या हाताकडे बघत होत्या. “देवीच्या परसादानं असं होते?”

“देवीनं नाई, आजी,” कुमी म्हणाली. “फल्लीनं.”

मग सखूबाई माझ्याकडे वळल्या. “काऊन खोटं सांगतलं वं?”

“खरं सांगतलं असतं तं मानलं असतं तुमी?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसतं मानलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं असतं, थोडंसं खाऊ दे, काई होत नाई.” थोड्या वेळाने त्यांनी कुमीला विचारलं, “अन् थे माकड?”

“माकड बी नव्हतं.”

“नावा?”

कुमीला रडू फुटलं. आतापर्यंत ती रडली नव्हती. सखूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले. “मले वाटलं होतं,” त्या म्हणाल्या, “मी थोडीशी पाह्यली.” त्या वेळी मला फार वाईट वाटलं. एका म्हातारीची काशी आम्ही दिली आणि आम्हीच काढून घेतली. पण कुमीचा श्वास चालू होता, आणि त्याच्या पलीकडे मला त्या संध्याकाळी दुसरं काही मोठं वाटू शकत नव्हतं.

नवमी

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग नव्हता. लख्ख ऊन होतं आणि खाली दूरवर सपाटी दिसत होती, आमचा मुलूख. आम्हाला निघायचं होतं. सामान बांधून मी निरोप घ्यायला गेले. आता सखूबाई बोलतील की नाही, याची मला धाकधूक होती. एखादं खोटं घरात धरून ठेवणं सोपं असतं, निरोप घेताना ते आडवं येतं.

सखूबाई चुलीपुढे होत्या. पहाटे उठून त्यांनी कढई घासली होती. पाटा, उलथनं, ताटं, सगळं अंगणात उन्हात पालथं घातलेलं होतं. घटासमोर नैवेद्य दाखवून झाला होता. जेवणारी चार माणसं आली होती. सखूबाईंनी ताट उचललं, वाटायला सुरुवात केली आणि कुमीपुढे येऊन थांबल्या.

कुमीने हात पुढे केला नाही. “आजी,” तिने विचारलं, “यात काय काय हाये?”

प्रसादात काय आहे, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. मी तरी जन्मात ऐकलेलं नाही. शेजारच्या एका गृहस्थाने भुवया वर केल्या. माझे हात आपोआप पुढे आले, तिच्या वतीने काहीतरी बोलायला, माफी मागायला, सांभाळून घ्यायला. सखूबाईंनी मला नजरेनेच थांबवलं.

त्या कुमीसमोर उकिडव्या बसल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हाताची बोटं उघडत म्हणाल्या, “खवा. साखर. विलायची.”

“खवा कोनं आटवला?”

“म्या. दूध बी म्याच गाळलं.”

“कढई?”

“दोनदा घासली. मातीनं अन् मंग राखेनं.”

“हात धुतले होते, आजी?”

“धुतले वं माय,” सखूबाई म्हणाल्या. “आनखी इचार. जे इचाराचं थे इचार.”

कुमीने जरा विचार केला. मग तिने तो कालचाच हात पुढे केला, प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. सखूबाई तिच्या तोंडाकडे बघत तशाच बसून राहिल्या. मीही बघत होते. त्या दोघींनी मला काही विचारलं नाही.